आमच्याच गॅलरीतून

पंचांनी शिट्टी फुंकली आणि हात पेनल्टीच्या ठिपक्याकडे केला, तेव्हा खेळ संपायला चार मिनिटं राहिली होती. गोल बरोबरीत होते, एक-एक. आमच्या भोवतीची हजारभर माणसं एकदम उठली. मी उठले, आबाही उठले. समोर अगदी जवळ आमची पोरं पंचांना गराडा घालून ओरडत होती, आणि आमचा कप्तान प्रल्हाद निगवेकर त्यांना दोन्ही हातांनी मागं ढकलत होता.

आबा खाली वाकले. मला वाटलं, चष्मा पडला. गॅलरीच्या पायऱ्यांची डागडुजी चालू होती आणि फुटक्या काँक्रीटचे तुकडे सगळ्यांच्याच पायाशी पडलेले होते. आबा सरळ झाले तेव्हा त्यांच्या हातात तसला एक तुकडा होता. त्यांचा हात मागं गेला आणि पुढं आला. तोंडातून आवाज नाही, चेहऱ्यावर राग नाही. लेथवर जॉब चढवताना जसा त्यांचा चेहरा असायचा तसाच होता.

नेम पंचांवर होता. पण नेमका त्याच वेळी प्रल्हाद पंचांच्या पुढं आला आणि आमच्या गॅलरीकडं तोंड करून, ‘खाली बसा’ म्हणून त्यानं हात वर केले.

तो आडवा पडला नाही. बुटाची नाडी बांधायला बसावं तसा तो एका गुडघ्यावर बसला आणि डाव्या डोळ्यावर हात धरून तसाच राहिला.

ही एक्क्याण्णव सालच्या एप्रिलमधली गोष्ट. कोल्हापुरात पेठेपेठेचा फुटबॉल संघ असतो आणि पेठेतली माणसं त्या संघापायी काय काय करतात, हे बाहेरच्याला सांगून पटत नाही. लग्नाच्या तारखा सामने बघून धरतात. आमचा संघ नागझरी तालमीचा, म्हणजे आमच्या पेठेच्या मंडळाचा, हिरव्या-पांढऱ्या जर्सीचा. त्या दिवशी फायनल होती आणि समोर शिलेदार मंडळ होतं. दोन्ही पेठांत एका रस्त्याचं अंतर, आणि पोरीसुद्धा सहसा एकमेकांकडं देत नाहीत इतकं वैर.

मी नऊ वर्षांची असताना आई गेली. आबा, म्हणजे माझे वडील दौलतराव इंगवले, उद्यमनगरात एका कारखान्यात लेथवर होते. सगळी पेठ त्यांना मिस्त्री म्हणायची. रविवारी मला एकटीला घरी कुठं ठेवायची, म्हणून ते मला सामन्याला घेऊन जायला लागले. गॅलरीत बाईमाणूस नसायचंच. पहिल्या वर्षी लोक वळून बघत. नंतर ‘मिस्त्रींची वैजू’ म्हणून चौथ्या पायरीवर माझी जागा ठरून गेली. मला तेव्हापासून त्या मैदानाचं वेड लागलं. संघातला प्रत्येक जण कुठल्या पायानं मारतो, कोण दमला की कंबरेवर हात ठेवतो, हे मला पाठ होतं. वीस वर्षांची झाले, डी.एड.ला गेले, तरी रविवार चुकवला नाही.

आबा सामन्यात कधी ओरडत नसत. गोल झाला की चष्मा काढून धोतराच्या टोकानं पुसायचे, एवढाच त्यांचा आनंद. आजूबाजूचे पंचाला आईबहिणीवरून बोलायला लागले की म्हणायचे, त्याला आपल्यापेक्षा जवळनं दिसतंय. त्यामुळं मी शेजारी बसलेली असताना लोक जरा जपूनच बोलत, ते माझ्यापेक्षा आबांसाठी.

आणि प्रल्हाद हा तर त्यांचाच. त्याचा बाप लहानपणीच गेला. शेजारच्या गल्लीतलं पोरगं, दिवसभर भिंतीवर चेंडू मारत बसायचं. आबांनी त्याला कारखान्यात लावला, लेथ शिकवला, आणि सरावाच्या वेळी त्याची पाळी स्वतः करून त्याला सोडायचे. चोविसाव्या वर्षी तो कप्तान झाला. राज्याच्या संघाच्या शिबिराला बोलावल्याचं पत्र आलं, ते त्यानं आधी आबांना दाखवलं आणि मग आईला.

प्रल्हाद गुडघ्यावर बसला आणि मग आमच्याच मागून कोणीतरी ओरडलं की दगड शिलेदारांकडून आला. आमची गॅलरी आणि त्यांची गॅलरी यांच्यामध्ये फक्त बांबूचं कुंपण आणि सात-आठ पोलीस होते. कुंपण एका मिनिटात मोडलं. पुढचं मी धड पाहिलं नाही. आबांनी माझं मनगट धरलं आणि गर्दीतून ओढत मला बाहेर काढलं. रस्त्यात ते एवढंच म्हणाले, “तुला कुठं लागलं न्हाई न्हवं?”

घरी आल्यावर मी मनगट धुतलं. त्याला सिमेंटची भुकटी लागलेली होती.

संध्याकाळी बातमी आली की प्रल्हादचा डावा डोळा गेला. डॉक्टरांना तो काढावा लागला. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी शिलेदारांच्या बाजूच्या सुधाकर भोपळे नावाच्या रिक्षावाल्याला धरलं. मागं दोन वेळा सामन्यात दगड मारताना तो सापडला होता, आणि या दंगलीतही त्याच्या हातात दगड होता. तसा तो दोन-तीनशे माणसांच्या हातात होता. पण नाव तयार होतं, म्हणून तो आत गेला.

मी आबांच्या बोलण्याची वाट पाहत होते. ते रोज कामाला जात, सुटले की परस्पर दवाखान्यात जाऊन प्रल्हादच्या खोलीबाहेरच्या बाकावर तासभर बसत, आणि घरी येऊन मी वाढलेलं खाली मान घालून जेवत. आत जाऊन त्यांनी त्याला एकदाही पाहिलं नाही. मला रात्री झोप लागत नव्हती, पण त्यांचाही कूस बदलल्याचा आवाज यायचा आणि मग मी डोळे मिटून घ्यायचे. मी पाहिलं हे त्यांना ठाऊक आहे की नाही, हे मला कळत नव्हतं. मी विचारलं असतं तर मग ते खरंच झालं असतं.

इकडं पेठ पेटली होती. तालमीच्या दारात प्रल्हादचा हार घातलेला फोटो लावला, जिवंत माणसाचा. तिसऱ्या दिवशी आमच्या पोरांनी भोपळेची रिक्षा जाळली. चौथ्या दिवशी शिलेदारांनी आमच्या तालमीच्या काचा फोडल्या आणि आमच्या भाजीवाल्या आक्कांच्या डोक्याला पाच टाके पडले. दुकानं दुपारीच बंद व्हायला लागली. हे सगळं एका तुकड्यापायी चाललं होतं आणि तो कुणाच्या हातातून सुटला हे जगात दोनच माणसांना माहीत होतं, असं मला वाटत होतं.

पाचव्या दिवशी दुपारी मी कॉलेज चुकवून दवाखान्यात गेले. प्रल्हादची आई जेवायला घरी गेली होती. त्याच्या अर्ध्या तोंडावर पट्टी, उजवा डोळा उघडा. मी स्टुलावर बसले. काय बोलायचं ते वाटेत दहा वेळा ठरवलं होतं, पण त्यानंच सुरुवात केली.

“काका रोज येत्यात. बाहीर बसत्यात.” मग थोडं थांबून म्हणाला, “आत का येत न्हाईत ते मला म्हाईत हाय.”

मी मागं वळून दाराकडं पाहिलं.

“मी तुमच्याकडंच बघत हुतो, वैजू. बसा म्हणून हात वर केला, तवा काकांचा हात खाली येत हुता. मला वाटलं, ते मला हाक मारायला लागल्यात.”

मी विचारलं, पोलिसांना का सांगितलं नाहीस. तो म्हणाला, पोलीस दोनदा येऊन गेले, दोन्ही वेळा काही दिसलं नाही म्हणून सांगितलं. “काय सांगू त्यांना? ज्यानं हाताला धरून लेथ शिकवला त्यानं मारला म्हणू?”

बाहेर ट्रॉलीचा आवाज गेला. मग तो छताकडं बघत म्हणाला, “आणि एक ऐक. चेंडू माझ्या हाताला लागला हुता. पंचाचं बरोबर हुतं. मी पोरांना मागं ढकलत हुतो ते त्यापायीच. माझ्यासाठी भांडत हुती आणि मला म्हाईत हुतं की हँड झालाय.”

मी उठले तेव्हा त्यानं सांगितलं की भोपळेची बायको काल दवाखान्याच्या फाटकापर्यंत आली होती, कडेवर पोरगी घेऊन, आणि आमच्या पोरांनी तिला हाकलून लावली. “मी तोंड उघडणार न्हाई,” तो म्हणाला. “ते काकांनीच सांगाय पायजे.”

घरी आले तर आबा कामावर गेलेच नव्हते. स्टोव्हपुढं पाटावर बसले होते आणि स्टोव्ह पेटवलेला नव्हता. मी दारातच उभी राहून म्हणाले, “आबा, प्रल्हादनं तुम्हाला बघितलंय.”

त्यांनी वर पाहिलं नाही. “आणि तू?”

“मी पण.”

ते बोलले तेव्हा आवाज अगदी नेहमीचा होता. “रोज सकाळी उठलो की वाटतं, मी मारलाच न्हाई. दुसऱ्या कुणीतरी मारला आसंल आणि माझ्या हाताला उगंच आठवतंय. तू काय बोलली न्हाईस, मग मला खरंच तसं वाटाय लागलं.”

हे ऐकून मी खाली बसले. पाच दिवस मी त्यांना वाचवते आहे असं समजत होते. मग मी त्यांना चेंडू हाताला लागल्याचं सांगितलं. डोळ्याची बातमी आली तेव्हा ते रडले नव्हते. आता रडले.

त्याच संध्याकाळी तालमीत बैठक होती. भोपळेला जामीन मिळू नये म्हणून मोर्चा काढायचा ठरत होतं. तालमीचे अध्यक्ष बाजीराव सरनोबत मधोमध खुर्चीवर बसले होते. सगळे त्यांना वस्ताद म्हणत. पन्नास-साठ माणसं आत आणि चौकात त्याच्या कितीतरी पट. आबा दारातून सरळ पुढं गेले. मी त्यांच्या मागं होते. बाई माणूस तालमीच्या आत आलं याच्याकडंही त्या दिवशी कुणाचं लक्ष गेलं नाही.

“दगड मी मारला,” आबा म्हणाले. “पंचाला मारला, प्रल्हादला बसला. भोपळेला सोडवाय पायजे.”

मागं कुणीतरी हसलं. वस्ताद म्हणाले, मिस्त्री, खाली बसा. आबांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, तसंच, एक शब्द इकडं तिकडं न करता. वस्ताद उठून जवळ आले आणि मोठ्या मायेनं त्यांनी आबांच्या खांद्यावर हात ठेवला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले की पोरगं गेल्यासारखं दुःख झालंय, डोक्याला लागलंय मिस्त्रींच्या, वैजू, घरी घेऊन जा त्यांना.

“मी बघितलंय,” मी म्हणाले.

ज्यांच्या मांडीला मांडी लावून मी अकरा वर्षं सामने पाहिले होते, ते सगळे माझ्याकडं बघत होते. एकाच्याही चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. नंतर मला कळलं की चौथ्या-पाचव्या पायरीवरच्या निदान चौघांनी ते पाहिलं होतं.

वस्तादांनी आम्हाला दोघांना मागच्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं. तिथं त्यांचा आवाज बदलला. “भाईर पाचशे माणूस हाय, मिस्त्री. त्यास्नी काय सांगू? आपलाच दगड, आपलाच डोळा? रिक्षा जाळली ती कुणाची म्हणून सांगू?”

आबा म्हणाले, पण भोपळेनं मारलेला नाही.

“ह्या वक्ताला मारला नसंल. म्होरल्या वक्ताला मारला आसता.”

हा माणूस आमच्यावर पहिल्या वाक्यापासून विश्वास ठेवत होता. खरं काय ते त्याला कळलं होतं आणि ते त्याला नको होतं. मी लहान असताना याच माणसानं मला खांद्यावर बसवून विजयाची मिरवणूक दाखवली होती.

आबांनी हात जोडले, दार उघडलं आणि गर्दीतून आम्ही घरी आलो. कुणी अडवलं नाही, कुणी बोललंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. साहेबांनाही आधी पटेना. पेठेतलाच माणूस आपण होऊन येतो, हे त्यांच्या नोकरीत झालं नव्हतं. दोनदा विचारलं की कुणी धमकावलंय का. मग जबाब लिहून घेतला, माझाही घेतला. एका हवालदाराला दवाखान्यात पाठवलं. तो तासाभरानं परत आला आणि मान हलवून म्हणाला, “त्यानं बी सांगितलं. मिस्त्री स्वतः आला आसंल तर हो म्हणाला.”

कागदपत्रं होऊन भोपळेला बाहेर सोडायला दुपारचे चार वाजले. आबा आणि मी तोपर्यंत बाकावर बसून होतो. आतल्या दारातून एक लहानखुरा, वाढलेल्या दाढीचा माणूस बाहेर आला. तळपाय जमिनीला पूर्ण टेकवत नव्हता, टाचांवर चालत होता. मी त्याला गॅलरीच्या पलीकडून कितीदा पाहिला होता, आमच्यावर हातवारे करताना. जवळून तो अगदी कुणीतरी साधा माणूस दिसत होता. आबा उठून उभे राहिले.

आबा कोण, हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. आपल्यासारखाच कुणीतरी, कुणाच्या तरी सुटकेसाठी आलेला, असं समजून तो भिंतीला धरून थांबला.

“काका,” त्यानं विचारलं, “फायनलचं काय ठरलं वं? पुन्हा खेळवणार हाईत का?”

आबा त्याच्याकडं बघत राहिले. “खेळवणार म्हणत्यात,” ते म्हणाले.

“कधी?”

“तारीख ठरायची हाय.”

भोपळेनं समाधानानं मान हलवली आणि टाचांवर चालत फाटकाकडं गेला. फाटकाबाहेर त्याची बायको उभी होती. आबा बाकावर बसले आणि थोड्या वेळानं पोलीस त्यांना आत घेऊन गेले.

आठ दिवसांनी जामीन झाला. खटला पुढं दोन वर्षं चालला आणि आबांना तीन महिन्यांची शिक्षा झाली. ती त्यांनी भोगली. पेठेत मात्र त्यांची शिक्षा त्या संध्याकाळपासूनच सुरू झाली होती. हळदीकुंकवाचं बोलावणं बंद झालं, कोपऱ्यावरचा न्हावी आबांना बघून खुर्चीवर फडकं टाकायला लागला. मिस्त्रीनं पेठ विकली, असं लोक म्हणत. दगडाबद्दल आम्हाला कुणी कधीच काही बोललं नाही. डोळा फोडला हे सगळ्यांनी सोडून दिलं होतं. सांगितलं, हे कुणी सोडलं नाही. पुढं माझं लग्नही कोल्हापूरबाहेर झालं, आणि सासरच्यांनी चौकशी केली तेव्हा पेठेतल्या लोकांनी दगडाचं नाव काढलं नाही. माणूस भरवशाचा नाही, एवढंच सांगितलं.

सामना मे महिन्याच्या तिसऱ्या रविवारी पुन्हा झाला. आम्ही गेलो नाही. गेलो असतो तरी कुठं बसणार होतो. आमचं घर स्टेडियमपासून जवळ. दुपारपासून गल्ली ओस पडलेली. आबा पुढच्या सोप्यात भिंतीला टेकून बसले होते आणि मी गहू निवडत होते.

चारच्या सुमाराला दारात प्रल्हाद उभा राहिला. काळा चष्मा लावलेला. दवाखान्यातून आल्यावर तो पहिल्यांदाच घराबाहेर पडला होता आणि तालमीच्या पोरांनी खास खुर्ची ठेवलेली असताना सामन्याला न जाता इकडं आला होता. मला म्हणाला, चहा टाक. आबांच्या समोर भिंतीला टेकून बसला. आबांनी मान खाली घातली ती वर केली नाही. मी चहा आणून ठेवला.

प्रल्हादनं चष्मा काढून शेजारी ठेवला. मी बघितलं, आणि नजर न वळवता बघत राहिले याचा माझा मलाच धक्का बसला. आबा हातातल्या कपाकडं बघत होते.

मग तो आवाज आला. आधी लांबून फुटल्यासारखा, मग सगळी हवा हलवत आमच्या छपरावरून जाणारा. अकरा वर्षं मी तो आवाज आतून ऐकला होता, बाहेरून ऐकायची पहिलीच वेळ. माझे हात सुपातच थांबले. मला ठाऊक होतं तो कुणाचा आहे, आणि ज्या लोकांनी आम्हाला वाळीत टाकलं होतं त्यांच्या त्या ओरडण्यानं माझ्या छातीत आनंद झाला होता. मला माझीच भीती वाटली.

“कुणाचा?” आबांनी विचारलं. विचारायचं नव्हतं त्यांना. तोंडातून निघून गेलं.

“आपला,” प्रल्हाद म्हणाला.

आबांनी कप खाली ठेवला आणि मान वर करून पहिल्यांदा त्याच्या तोंडाकडं पाहिलं.